समोरचा वारा

"लांब जातेस तर जा," आई म्हणाली होती, "पण निरोप कुणाच्या हाती ठेवून जातेस ते बघून जा." माझी बॅग पलंगावर उघडी पडली होती. काय न्यायचं आणि काय ठेवायचं यावरून आमची सकाळपासून धुसफूस चालली होती. लोकरीचे मोजे बॅगेच्या कोपऱ्यात कोंबता कोंबता आई हे बोलली, साबण वेगळ्या पिशवीत ठेव म्हणावं त्याच सुरात. मी हसले. "आई, आता काय कबुतरं सोडायची आहेत? फोन असतो प्रत्येकाच्या हातात." "फोन असतो गं," आई म्हणाली, "पण त्यात काय बोलायचं ते माणूस ठरवतं." मी तेवढ्यात वजनकाट्यासाठी वहिनीला हाक मारली. वहिनी आली, तिने एका हाताने बॅग उचलून पाहिली, आणि काट्यावर ठेवायच्या आधीच वजन सांगितलं. ते बरोबर निघालं. आम्ही तिघी हसलो. अंदाज बांधण्यात वहिनीचा हात धरणारं आमच्या घरात कुणी नव्हतं.

आज सकाळी ते विमान आमच्या घरावरून गेलं. रोजच जातं. विमानतळ इथून जवळ आहे, आणि वर चढणारी विमानं आमच्या इमारतीच्या टाकीला घासून जातात की काय असं नव्या पाहुण्याला वाटतं. फडताळातले ग्लास एकमेकांना लागून किणकिणतात. बाकीच्या विमानांशी मला देणंघेणं नाही, पण हे मला आवाजावरून कळतं, कारण हे माझ्या माहेरी जातं. सकाळी इथून निघतं, इथे दिवेलागणी होते तेव्हा तिथे उतरतं, तिथे तेव्हा रात्र पडून गेलेली असते. पोट रिकामं करून, पुन्हा भरून, तेच परत फिरतं आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता इथे येतं. थेट. मध्ये कुठेही थांबत नाही. आज ते गेलं, ग्लास किणकिणले, आणि माझ्या लेकीला, ठकीला, भरवायला उचललेला चमचा माझ्या हातात तसाच राहिला. म्हणजे आजचा दिवसही सुरू झाला होता आणि मी फोन केलेला नव्हता. डॉक्टर काल मावशींना तपासून हात धूत होते तेव्हा म्हणाले होते, "लेक परदेशी असते ना यांची? बोलवून घ्या. फार दिवस काढणार नाहीत या." मी म्हटलं, "कळवते." टॉवेल पुढे केला. मावशी म्हणजे वहिनीची आई.

हे ऐकायला विचित्र वाटेल, पण सोपं आहे. वहिनी या शहरातली. इथे जन्मली, इथे शिकली, आणि लग्न होऊन माझ्या दादाच्या घरी गेली. मग दोन वर्षांनी तिनेच माझ्यासाठी इथलं स्थळ काढलं, तिच्या ओळखीतलं, आणि मी तिच्या शहरात आले. तेव्हा विमानतळावर मला पोचवायला सगळे आले होते. वहिनीने मला मिठी मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बघ वन्सं, तुझी आई मला, माझी आई तुला. आता कुणी कुणाची तक्रार करायची सोय नाही!" सगळे हसले. दादा सगळ्यांत मोठ्याने हसला. एकटी आई हसली नव्हती. ती वरच्या फळ्यावर बदलणाऱ्या वेळा वाचत उभी होती. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी वाचत होती.

मी नकाशे काढते. शाळेच्या पुस्तकांत असतात ते, घरी बसून, ठकी झोपली की. भूगोल शिकणाऱ्या माणसाला एक गोष्ट पहिल्या वर्षीच सांगतात, की कागदावरचा नकाशा खोटं बोलतो. दोन गावांमध्ये पट्टी ठेवून रेघ मारली तर ती जवळची वाट नव्हेच. पृथ्वीच्या गोळ्यावर दोरा ताणून धरा. दोरा आपोआप वर उत्तरेकडे सरकतो, वाकतो, आणि ती वाकडी वाट सगळ्यांत जवळची असते. विमानं त्या वाटेने जातात. माझ्या आईच्या गावापासून माझ्या गावापर्यंतचा दोरा मी किती वेळा ताणला असेल. साडेसात हजार किलोमीटर. जाताना आठ तास, येताना दहा. अंतर तेच असून वेळ वेगळा का, असं नवऱ्याने एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, वरती एक मोठा वारा वाहतो, पश्चिमेकडून पूर्वेकडे, नदीसारखा. इथून तिकडे जाणाऱ्याच्या तो पाठीशी असतो, तिकडून इकडे येणाऱ्याला तोंडावर झेलावा लागतो. "म्हणजे तुझ्या माहेरी जाणं सोपं आणि येणं अवघड," तो म्हणाला. "ते तर मला लग्नाआधीच सांगायला हवं होतं कुणीतरी." तेव्हा आई होती. तेव्हा अशा विनोदांवर हसू यायचं.

ठकी दोन महिन्यांची होती. मी तिला मांडीवर घेऊन ढेकर काढत होते. दादाचा फोन आला आणि तो नुसता श्वास घेत राहिला. मग वहिनीने फोन घेतला. आई गेली होती. तीन दिवस अंथरुणाला खिळून होती आणि गेली होती आणि पुढचं सगळं उरकलंही होतं. वहिनीचा आवाज मला अजून कानात ऐकू येतो, समजूतदार, थोडा दमलेला, बॅगेचं वजन सांगावं तसा. "आम्ही सगळा हिशेब केला वन्सं. तू तशीही पोचली नसतीस. केवढं अंतर ते, दोनदा विमान बदलायचं, कडेवर तान्हं पोर. तू तिकडून निघून अर्ध्या वाटेत असतानाच काही झालं असतं म्हणजे? आणि आईंनीच सांगितलं होतं, तिला कळवू नका, बाळंतीण आहे." मी "बरं" म्हटलं. मला आठवतं, मी बरं म्हटलं. मग मी ठकीची पाठ थोपटत राहिले आणि तिचा ढेकर आला आणि मला एवढंच वाटलं, की चला, ढेकर तरी आला.

पुढे कितीतरी दिवस मी तिचं ते वाक्य चघळत राहिले. दोनदा विमान बदलायचं. एके दिवशी भांडी विसळताना, हातावर फेस तसाच, मला वहिनी याच स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेली दिसली. आई जायच्या आधीच्याच उन्हाळ्यात मावशींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा ती आली होती. पाय हलवत, सफरचंद खात, माझ्या नवऱ्याला सांगत होती, "आता काय, थेट विमान सुरू झालंय. रात्री बसायचं, सकाळी उतरायचं. एका झोपेत माहेर! पूर्वीसारखी दोन दोन विमानं बदलायची कटकटच संपली." तिने सफरचंदाचा देठ नेमका कचऱ्याच्या डब्यात फेकला होता. म्हणजे तिला ठाऊक होतं. तिच्या आईच्या डोळ्यांसाठी जे अंतर एका झोपेचं होतं, तेच माझ्या आईच्या मरणासाठी दोन विमानांचं झालं. पहिल्या दिवशी कळवलं असतं तरी, दुसऱ्या दिवशी कळवलं असतं तरी, तिसऱ्या दिवशी सकाळी सकाळी कळवलं असतं तरीसुद्धा, मी त्या रात्री आईच्या उशाशी असते. ठकीला तिने पाहिलं असतं. वारा माझ्या पाठीशी होता. नळ चालू होता आणि मी तशीच उभी होते आणि त्या दिवशी मी डूख धरला. शब्द जुना आहे, सापाच्या गोष्टीतला, पण दुसरा सापडत नाही. साप म्हणे ज्याने शेपटीवर पाय दिला त्याचा चेहरा डोळ्यांत साठवून ठेवतो. मी सफरचंद खाणारा चेहरा ठेवला.

आणि कुणाला काही कळू दिलं नाही. भांडण केलं नाही. भांडले असते तर दादा मध्ये पडला असता, रडारड झाली असती, वहिनीने माफी मागितली असती आणि मला ती द्यावी लागली असती. मी उलट मावशींकडे जास्त जायला लागले. आधी आठवड्यातून एकदा, मग दोनदा, आता त्या अंथरुणाला लागल्यापासून रोज. ठकीला घेऊन जाते. सूप नेते, गाळलेलं. त्यांची पाठ पुसते, नखं कापते. चादर बदलताना त्यांना कुशीवर कसं वळवायचं ते दिवसा सांभाळणाऱ्या बाईला मीच शिकवलं. यात माझं नाटक नाही. माझे हात खरंच हळू चालतात त्यांच्या अंगावर. माझ्या आईच्या अंगावर चालायचे राहिलेले हात ते, त्यांना दुसरीकडे कुठे जायचं होतं? शेजारीण म्हणते, "पोटची मुलगी करणार नाही एवढं करतेस गं बाई." मी म्हणते, "पोटची लांब आहे ना." आणि मला आतून गुदगुल्या होतात. तेवढ्याने गुदगुल्या होतात मला, मी काय झाले आहे ते यावरून कळावं.

मावशींचा फोन माझ्याकडे आहे. चार्ज होत नाहीये, दाखवून आणते म्हणून मी तो आणला आणि माझ्या टेबलाच्या खणात ठेवला. बिघडलेला नाही. वहिनी आता मलाच फोन करते, इथे दुपार असते तेव्हा, तिकडे ती स्वयंपाक आवरून बसलेली असते. परवा म्हणाली, "कशी आहे गं आई?" "बरी आहे. झोपलीय." "दाखव ना मला जरा." "उठवू का? रात्री डोळ्याला डोळा नव्हता, आत्ता कुठे लागलाय." "नको नको, झोपू दे." मग म्हणाली, "वन्सं, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे हं. नाहीतर माझं काय झालं असतं इतक्या लांब." मी म्हटलं, "इतकं काही लांब नाही गं." ती हसली. तिला काही लागलं नाही. माझ्या जिभेवर मात्र त्या वाक्याची चव दिवसभर होती, आवळा खाऊन पाणी प्यावं तशी.

काल डॉक्टर गेल्यावर नवऱ्याने संध्याकाळी विचारलं, "वहिनीला कळवलंस ना?" बूट काढत होता, मान खाली होती. "कळवलं," मी म्हटलं. "काय म्हणाली?" "बघते म्हणाली. सुट्टीचं बघते." "सुट्टीचं काय बघायचंय? निघायला सांग तिला." "सांगितलं रे." त्याने वर पाहिलं. माझा नवरा फार बोलत नाही, पण भरलेल्या भांड्याकडे बघावं तसा कधीकधी बघतो, हिंदकळेल की काय म्हणून. मी ठकीचं तोंड पुसायला गेले. ते स्वच्छ होतं.

आज मावशींकडे गेले तेव्हा सांभाळणारी बाई आत कपडे धूत होती. ठकी जमिनीवर चमच्यांशी खेळत बसली. मावशी जाग्या होत्या. आता त्यांचा चेहरा उशीपेक्षा लहान झाला आहे. मी ओठांना पाणी लावलं. म्हणाल्या, "डॉक्टर काय म्हणाला, ते ऐकलं मी काल. कान शाबूत आहेत अजून." मी म्हटलं, "काहीतरीच. डॉक्टर असेच बोलतात." "पोरी," त्या म्हणाल्या, आणि मग मला वाटलं वाक्य राहिलं, पण त्यांनी ते हळूहळू, एकेक शब्द अंथरुणातून उचलावा तसं पुरं केलं. "तिला कळवू नकोस. उगाच धावत येईल. केवढं अंतर ते. तिची नोकरी, तिचा संसार. काय करणार आहे येऊन? तू आहेस ना." माझ्या हातातला कापूस पिळला गेला आणि पाणी त्यांच्या गळ्यावर ओघळलं. मी ते टिपलं. आणि टिपताना पाहिलं तर त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. बोलणं माझ्याशी चाललं होतं आणि डोळे दाराला लागले होते. जिन्यात पावलं वाजली, वरच्या मजल्यावर कुणीतरी जात होतं. मावशींची मान उशीवरून एवढी एवढीशी उचलली गेली, पावलं पुढे गेली, मान परत टेकली.

म्हणजे आईही म्हणाली असणार. तिला कळवू नका, असं खरंच म्हणाली असणार. इतके दिवस ते वहिनीने बनवलेलं वाक्य आहे असं मी धरून चालले होते, ते आता आईच्या आवाजात ऐकू यायला लागलं. सगळ्या आया हेच म्हणत असतील. लेकीला नको कळवायला, बाळ लहान आहे, वाट लांब आहे. आणि सगळ्या जणी ते दाराकडे बघत म्हणत असतील. मला वाटलं, आता माझ्यातलं काहीतरी सैल होईल. रडू येईल, आणि मग मी उठेन, खण उघडेन, फोन करेन. कुठल्याही गोष्टीत असंच होतं. मी वाट पाहिली. पण जे सैल व्हायचं ते आणखी आवळलं. कारण आईने म्हटलं तेव्हा वहिनी तिथे उभी होती. तिने आईचे शब्द ऐकले आणि डोळे पाहिले नाहीत. किंवा पाहिले. पाहिले आणि मनातल्या मनात वजन केलं: विमानतळावर आणायला जा, तान्हं बाळ, रडारड, घरात आणखी दोन माणसं. शब्द हलके होते, तिने शब्द उचलले. आणि आज मावशींनी तेच शब्द माझ्या हातात दिले होते, जसेच्या तसे. उद्या मी वहिनीला फोनवर शांतपणे सांगू शकते, "मावशींनीच सांगितलं होतं गं, तिला कळवू नकोस." एक अक्षर खोटं नसेल त्यात. एवढं नितळ, एवढं बिनबोभाट उट्टं कुणाला काढायला मिळालं असेल? माझ्या बाजूने वारा, तिच्या तोंडावर वारा. ती दहा तास खिडकीजवळ बसून येईल आणि चादर बदललेली असेल. मी तिला मिठी मारीन. तिच्या पाठीवर हात फिरवीन. अंतर फार गं, म्हणेन.

फक्त एक फरक आहे. वहिनीने डोळे पाहिले की नाही हे मला कधीच कळणार नाही. मी मात्र पाहिले.

घरी येऊन मी ठकीला झोपवायला घेतलं, पण ती झोपेना. तिने टेबलाचा खालचा खण ओढला. तो तिला नवीनच ओढता यायला लागला आहे. मावशींचा बंद फोन काढून कानाला लावला आणि खिडकीत जाऊन उभी राहिली, एक पाय दुसऱ्या पायावर, मी उभी राहते तशी. मी बघत होते. मी सारखी तिच्याकडे बघत असते, पडेल म्हणून, काही गिळेल म्हणून, श्वास चालला आहे ना म्हणून. "बली आहे," ती फोनमध्ये म्हणाली. मग मान वाकडी करून, फार गोड, माझ्याच आवाजात, "झोपलीय. उथवू का?" आणि पलीकडचं ऐकल्यासारखी थांबली. तिला अजून 'पाणी' नीट म्हणता येत नाही, आणि हे येतं. मी फोन काढून घेतला, तिने भोकाड पसरलं, मी तिला छातीशी दाबून धरलं. मला तीसेक वर्षांनंतरची एक खोली दिसली. कुठली ते दिसलं नाही. मी उशीवर आहे, आणि ठकी दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला कुठेतरी, आणि मध्ये कुणीतरी उभं आहे, समजूतदार आवाजाचं. आणि मी दाराकडे बघत म्हणते आहे, तिला कळवू नका.

आता ती झोपली आहे. खिडकीतलं ऊन समोरच्या इमारतीच्या टाकीवर गेलं आहे, म्हणजे विमान उतरायला आलं असेल. तिथे रात्र झाली असेल. त्याच्या पोटातून लोक बाहेर येतील, कुणाची कुणी वाट पाहत असेल, मग झाडलोट होईल, नवी माणसं बसतील, दार लागेल. तेवढा वेळ अजून आहे. परतीच्या विमानात वहिनीला एक जागा मिळेल एवढा निरोप अजून जाऊ शकतो. माझा फोन माझ्यासमोर आहे, वहिनीचा नंबर वर आहे, अंगठा ठेवला की लागेल. मी कालही अशीच बसले होते. विमान परत फिरायची वेळ होईपर्यंत बसले आणि मग उठून कुकर लावला. हात उचलवत नाही. वहिनीला तिच्या आईचं तोंड दिसू नये असं मला अजून, हे सगळं समजूनसुद्धा, तहान लागावी तसं वाटतं. हे मी लपवत नाही. मला उद्या हे जास्तच वाटेल की कमी, तेही सांगता येत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. वाचणारं कुणीतरी या शहरात असेलच. विमानतळाच्या रस्त्याला, पाण्याच्या टाकीमागे राखाडी इमारत आहे. तिसरा मजला. दारावर पितळी मासा लावलेला आहे, त्याचं एक डोळ्याचं भोक बुजलं आहे. घंटी दोनदा दाबावी लागते, पहिल्यांदा वाजत नाही. जरा जाऊन बघून याल का? सांभाळणारी बाई दार उघडेल. जिन्यात पाय जरा वाजवत जा, त्यांना ते आवडेल. आत गेल्यावर त्या म्हणतील, लेकीला कळवू नका, वाट फार लांबची आहे. माझ्याबद्दल चांगलं बोलतील. त्यांचं ऐकू नका. त्या बोलत असतील तेव्हा त्यांचे डोळे कुठे लागले आहेत तेवढं बघा, आणि मग त्यांच्या लेकीला फोन करा, नंबर उशाशी भिंतीवर लिहिलेला आहे. मी अजून केला नसेल.